बचावाचा वकील: वासिल स्तुस खटला, कीव १९८० आणि कीव २०२०

कीव शहर न्यायालयात २९ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर १९८० या काळात एका कवीवर खटला चालला. न्यायाधीश होते, सरकारी वकील होते, साक्षीदार होते आणि बचावाचा वकीलही होता. शिक्षा झाली दहा वर्षं विशेष कडक शिस्तीच्या छावणीची आणि त्यापुढे पाच वर्षं हद्दपारीची. कवी पाच वर्षांच्या आत छावणीतच मेला. पुढे १९ ऑक्टोबर २०२० ला कीवच्याच दार्नित्सा जिल्हा न्यायालयानं निकाल दिला, की त्या खटल्याची कागदपत्रं छापणारं पुस्तक विकायचं नाही. कारण? त्या पुस्तकामुळे बचावाच्या वकिलाच्या अब्रूला धक्का पोहोचतो.

कवीचं नाव वासिल स्तुस. वकिलाचं नाव विक्तर मेदवेदचूक. युक्रेनमध्ये ही जोडी आता एका दमात उच्चारली जाते. या प्रकरणात मला रस आहे तो एकाच प्रश्नापुरता: निकाल आधीच ठरलेला असताना नेमलेल्या वकिलाची जबाबदारी नेमकी किती उरते? मेदवेदचूक यांचं म्हणणं असं, की काहीच उरत नाही. माझं मत वेगळं आहे, पण त्यासाठी आधी अशील समजून घ्यायला हवा.

स्तुस यांचा जन्म १९३८ चा, विनित्सिया प्रांतातल्या रख्निवका या खेड्यातला. आई-वडील सामूहिक शेतीच्या जाचातून निसटून दोनबासच्या कारखानदारी भागात आले. त्या शहराचं नाव तेव्हा स्तालिनो होतं, आज दोनेत्स्क. तिथेच शिक्षण झालं. मग काही काळ शाळामास्तरकी, सैन्यातली नोकरी, स्थानिक वर्तमानपत्रात उपसंपादकी आणि १९६३ मध्ये कीवच्या साहित्य संस्थेत संशोधक विद्यार्थी. म्हणजे एका हुशार प्राध्यापकाचा रस्ता सरळ आखलेला होता.

तो रस्ता एका संध्याकाळी तुटला. ४ सप्टेंबर १९६५, कीवचं ‘उक्राइना’ चित्रपटगृह, पराजानोव्ह यांच्या ‘विस्मृत पूर्वजांच्या छाया’ या चित्रपटाचा पहिला खेळ. समीक्षक इवान द्झ्यूबा मंचावर गेले ते कलाकारांचं अभिनंदन करायला. बोलू लागले ते युक्रेनमध्ये नुकत्याच झालेल्या लेखक-कलावंतांच्या अटकांबद्दल. सभागृहात गोंधळ उडाला. तेवढ्यात पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविल आणि सत्तावीस वर्षांचे स्तुस यांनी लोकांना हाक दिली, की या जुलमाचा ज्यांना निषेध करायचा आहे त्यांनी उभं राहावं. काही जण उभे राहिले, बरेच खुर्चीला चिकटून बसले. हे स्टालिननंतरचे दिवस होते, पण खुर्चीला चिकटून बसायची सवय मोडायला तेवढं पुरत नाही. त्याच महिन्यात स्तुस यांचं नाव संस्थेच्या पटावरून कमी झालं. पुढची काही वर्षं त्यांनी मेट्रोच्या बांधकामावर, बॉयलरच्या भट्टीवर, अभिलेखागारात, मिळेल तिथे काम केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. कवितासंग्रह देशात छापायला कोणी तयार नव्हतं. ‘हिवाळी झाडं’ १९७० मध्ये ब्रसेल्सला निघाला, आणि परदेशात छापलेलं पुस्तक हा सोव्हिएत पोलिसांच्या लेखी आयता पुरावा असे.

पहिली अटक जानेवारी १९७२ ची. युक्रेनभर एकाच वेळी धरपकड झाली, त्यात तेही गेले. कलम ६२, सोव्हिएतविरोधी प्रचार आणि चळवळ. पाच वर्षं मोर्दोव्हियातल्या छावण्या आणि तीन वर्षं हद्दपारी, तीही मगदान प्रांतातल्या मत्रोसोवो इथल्या सोन्याच्या खाणीत. मोर्दोव्हियात असताना पोटातला व्रण फुटून ते मरणाच्या दारात पोहोचले. लेनिनग्राडच्या तुरुंग-रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि जठराचा मोठा भाग काढावा लागला. ही शस्त्रक्रिया लक्षात ठेवा, खटल्यात ती पुन्हा येणार आहे.

कविता मात्र थांबल्या नाहीत. बायकोला लिहिलेल्या पत्रांत ते ओळी न तोडता सलग मजकुरासारखी कविता लिहून टाकत. तपासनीसाच्या नजरेला ते नवऱ्याचं लांबलचक पत्र दिसावं आणि घरी वालेंतिना यांनी त्यातून ओळी सोडवून घ्याव्यात, अशी ती युक्ती. रिल्के आणि ग्योटे यांचे अनुवादही तुरुंगातच चालू होते. ‘पालिम्प्सेस्ती’ हा त्यांचा मुख्य संग्रह असा पत्रापत्रांतून जमा झाला आणि ते गेल्यावर परदेशात ग्रंथरूपानं आला.

ऑगस्ट १९७९ मध्ये ते कीवला परतले. बुटांच्या कारखान्यात वगैरे कामं धरली. त्या वेळी युक्रेनियन हेल्सिंकी गट जवळपास संपवला गेला होता. हा गट १९७६ च्या नोव्हेंबरमध्ये लेखक मिकोला रुदेन्को आणि त्यांच्या सोबत्यांनी स्थापला. काम एवढंच, की १९७५ च्या हेल्सिंकी करारात सोव्हिएत सरकारनं मानवी हक्कांची जी वचनं दिली होती ती पाळली जातात का हे पाहायचं आणि न पाळल्याच्या नोंदी ठेवायच्या. गुप्त संघटना नव्हती. सभासद आपल्या नावासकट निवेदनं काढत. साहजिकच एकामागून एक आत जात होते. अशा गटात स्तुस परत आल्यावर दोनेक महिन्यांत सामील झाले. आपल्या छावणीतल्या टिपणांत त्यांनी पुढे लिहिलं, की तुरुंगाचं दार आपल्यासाठी उघडलेलं आपल्याला दिसत होतं, पण मान खाली घालून जगायचं नव्हतं. याला कोणी आत्मघातकी हट्ट म्हणेल. मला तो हिशेब वाटतो: सगळे आत असताना बाहेर राहण्याची किंमत त्यांनी मोजून पाहिली आणि ती परवडणारी नाही असं ठरवलं.

मे १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, दुसरी अटक झाली. या वेळी कलम ६२ चा दुसरा भाग लागला, म्हणजे त्याच गुन्ह्याची पुनरावृत्ती. कमाल शिक्षा दहा अधिक पाच. पुरावा म्हणजे कविता, पत्रं, निवेदनं आणि मत्रोसोवोच्या वसतिगृहापासून कीवपर्यंत कोणाशी काय बोलले याचे जबाब.

आता वकील. राजकीय खटल्यांत सोव्हिएत वकिलाला विशेष परवाना लागत असे, आणि तो कोणाला मिळायचा यावर केजीबीची, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांची, नजर असे. त्यामुळे आरोपीनं वकील निवडला असं म्हणण्याला फारसा अर्थ नव्हता. स्तुस यांना मिळालेले मेदवेदचूक तेव्हा २६ वर्षांचे होते. सहकारी लेखक येव्हेन स्वेर्स्त्यूक यांनी लिहून ठेवलं आहे, की पहिल्याच भेटीत स्तुस यांना जाणवलं, हा कोम्सोमोलच्या, म्हणजे पक्षाच्या युवक संघटनेच्या, आक्रमक वळणाचा माणूस आहे आणि याला आपल्या बाजूत रस नाही. त्यांनी हा वकील नको असं सांगितलं. वकील बदलला नाही.

खटला बंद दाराआड चालला. काय घडलं ते ‘क्रॉनिकल ऑफ करंट इव्हेंट्स’ या टंकलिखित गुप्त पत्रिकेनं नोंदवलं. बचावाच्या भाषणात वकील म्हणाले, की अशिलाची सगळी कृत्यं शिक्षेला पात्र आहेत. मात्र त्यानं कीवच्या कारखान्यांत कामाचा कोटा पूर्ण केला आहे आणि त्याच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया झालेली आहे, हे न्यायालयानं लक्षात घ्यावं. हेच बचावाचं भाषण. सरकारी वकिलाला आणखी बोलायची गरजच उरली नसावी. त्यानंतर कामकाज थांबलं आणि पुढच्या बैठकीत थेट निकालाचं वाचन सुरू झालं. आरोपीचा शेवटचं बोलण्याचा हक्क सोव्हिएत कायद्यातही होता. तो मधल्या मध्ये गेला, आणि त्याबद्दल वकिलानं हरकत घेतल्याची नोंद नाही.

याच खटल्यातला एक साक्षीदार वकिलाशेजारी उभा करून पाहण्यासारखा आहे. स्वितलाना किरिचेंको या स्तुस यांच्या स्नेही, नवरा युरी बाद्झ्यो आधीच तुरुंगात. त्यांना साक्षीला बोलावलं. त्यांनी सांगितलं, की ज्या खटल्यात स्तुस आरोपी नसून फिर्यादी असतील त्या खटल्यात मी साक्ष देईन, इथे देणार नाही. या नकाराबद्दल त्यांच्यावर स्वतंत्र खटला झाला आणि तीन महिन्यांच्या सुधारात्मक श्रमाची शिक्षा मिळाली. निकालावर काडीचाही परिणाम होणार नाही हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? घरात पैसा नाही, नवरा आत, आणि समोर तेच न्यायाधीश. तरी त्या बोलल्या.

मेदवेदचूक यांची बाजू आता नीट ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. त्यांचं म्हणणं असं, की अशा खटल्यांत शिक्षा पक्ष आणि केजीबी ठरवत, न्यायालय ती वाचून दाखवत असे. मी स्तुसला वाचवू शकलो असतो असं म्हणणाऱ्याला ती व्यवस्था ठाऊकच नाही. पहिला भाग खरा आहे. आंद्रेई साखारोव्ह त्या वेळी गोर्कीत स्थानबद्ध होते. त्यांनी ऑक्टोबर १९८० मध्ये स्तुस यांच्या शिक्षेविरुद्ध जगाला आवाहन केलं, त्यानंही एक दिवस कमी झाला नाही. नोबेल मिळवलेल्या शास्त्रज्ञाला जे जमलं नाही ते तरुण वकिलाला कुठून जमणार?

शिवाय मेदवेदचूक यांचं घरही व्यवस्थेचा मार खाल्लेलं होतं. वडिलांना युक्रेनियन राष्ट्रवादी चळवळीशी संबंध असल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली होती. मुलाचा जन्म १९५४ मध्ये हद्दपारीच्या गावी, सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्क भागात झाला. अशा घरातल्या मुलाला आपलं नाव ‘स्वच्छ’ ठेवण्याचा ताण किती असेल याची कल्पना करता येते. टीका करताना युक्रेनमधले लोक हा तपशील बहुधा गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही. त्यानं कृत्य हलकं होत नाही, पण माणूस कळतो.

तरीही ‘काही करता आलंच नसतं’ हे खरं नाही, आणि ते त्याच काळातल्या वकिलांवरून दाखवता येतं. मॉस्कोत सोफिया कालिस्त्रातोव्हा यांनी अशाच कलमांखालच्या राजकीय आरोपींसाठी न्यायालयात उभं राहून निर्दोष सुटकेची मागणी केली. दिना कामिन्स्काया यांनी बुकोव्स्की आणि लित्विनोव्ह हे सरकारविरोधी कार्यकर्ते, तसंच क्रिमियन तातार नेते मुस्तफा जेमिलेव्ह यांचे बचाव मनापासून केले. त्यांचे अशील सुटले का? नाही. कामिन्स्कायांना शेवटी १९७७ मध्ये देश सोडावा लागला. म्हणजे धोका खरा होता आणि तरी पर्यायही खरा होता. निकाल वकिलाच्या हातात नव्हता, नोंद होती. अशिलानं गुन्हा केलेला नाही, हे एक वाक्य न्यायालयाच्या दप्तरात जाऊ देणं, वकील नको हे त्याचं म्हणणं डावलल्याबद्दल हरकत नोंदवणं, शेवटचं बोलणं मागणं, इतकंच. व्यवस्थेनं वकिलाला खोटं बोलायला लावलं असं फार तर म्हणता येईल. पण सगळं बोलणं तिनंच लिहून दिलं होतं असं मानलं, तर कालिस्त्रातोव्हांचं बोलणं कुठून आलं?

हा एकटा खटलाही नव्हता. डिसेंबर १९७९ मध्ये हेल्सिंकी गटातलेच कवी युरी लित्विन यांच्यावर वासिल्कीव इथे खटला चालला. बचावाचे वकील मेदवेदचूकच. लित्विन यांना शेवटचं बोलायला मिळालं आणि त्यांनी भर न्यायालयात सांगितलं, की माझ्या वकिलाचा थंडपणा त्याच्या अज्ञानातून आलेला नाही, वरून आलेल्या सूचनांतून आला आहे. पुढल्या वर्षी स्तुस यांना बोलू दिलं नाही याचं कारण मी यात शोधत बसणार नाही, पण दोन घटना शेजारी ठेवल्याशिवाय राहवतही नाही.

पुढची पाच वर्षं उरल पर्वतातल्या कुचिनो गावच्या छावणीत गेली, ज्याला आज जग ‘पेर्म-३६’ म्हणतं. विशेष शिस्तीच्या विभागात कैदी कोठडीतच राहत, कोठडीतच काम करत. काम म्हणजे विजेच्या इस्त्रीच्या वायरींना सुटे भाग बसवणं. लुकियानेन्को, ओव्सियेन्को असे हेल्सिंकी गटाचे इतर सभासद तिथेच होते. स्तुस यांनी बारीक अक्षरांत, पातळ कागदाच्या कपट्यांवर टिपणं लिहिली. १९८३ मध्ये एका लिथुआनियन सहकैद्याच्या भेटीच्या वेळी ती बाहेर गेली आणि परदेशात छापली गेली. बदल्यात स्तुस यांना एकांतकोठडी मिळाली. कवितांची शेवटची वही जप्त झाली, ती आजतागायत सापडलेली नाही. १९८५ च्या ऑगस्टअखेरीस शिक्षाकोठडीत टाकल्यावर त्यांनी उपोषण जाहीर केलं. ३ आणि ४ सप्टेंबरमधल्या रात्री ते गेले. प्रशासनानं कारण हृदयाचं दिलं, सहकैद्यांनी वेगळं सांगितलं. कुटुंबाला देह मिळाला नाही, कारण शिक्षा संपलेली नव्हती. छावणीच्या स्मशानात क्रमांकाच्या खांबाखाली पुरलं.

(त्यांचं नाव १९८५ च्या नोबेलसाठी सुचवलं होतं आणि म्हणून त्यांना मारलं, असं युक्रेनमध्ये सर्रास सांगितलं जातं. नोबेलची नामनिर्देशनं पन्नास वर्षं बंद असतात. ते खातं उघडेपर्यंत ही गोष्ट ऐकीव म्हणूनच घ्यावी. तिच्याशिवायही या मृत्यूत पुरेसं काही आहे.)

१९ नोव्हेंबर १९८९ ला स्तुस, लित्विन आणि शिक्षक ओलेक्सा तिखी या तिघांचे अवशेष कीवच्या बायकोवे दफनभूमीत आणले गेले. बंदी असलेले निळे-पिवळे झेंडे घेऊन हजारो लोक रस्त्यावर होते, आणि सोव्हिएत संघ अजून उभा होता. त्या तिघांपैकी दोघांचे वकील एकच होते. १९९० मध्ये १९८० चा निकाल रद्द झाला. २००५ मध्ये स्तुस यांना मरणोत्तर ‘युक्रेनचा वीर’ हा किताब मिळाला.

मेदवेदचूक या काळात कुठल्या कुठे गेले. वकिली, व्यवसाय, संसद आणि २००२ ते २००५ राष्ट्राध्यक्ष कुच्मा यांच्या कार्यालयाचे प्रमुख. व्लादिमिर पुतिन मेदवेदचूक यांच्या मुलीचे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता. २०१९ मध्ये रशियाकडे झुकलेल्या पक्षातर्फे ते पुन्हा संसदेत निवडून आले. त्याआधी, २०१८ मध्ये, स्तुस यांच्यावरच्या एका चित्रपटातून खटल्याचा प्रसंग वगळणार अशी बातमी फुटली होती आणि लोकांनी एवढा गदारोळ केला, की निर्मात्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे मेदवेदचूक यांना लोकांचा कौल कळायला हवा होता.

तो कळला नाही. पत्रकार-इतिहासकार वाख्तांग किपियानी यांनी २०१९ मध्ये ‘वासिल स्तुस प्रकरण’ हे पुस्तक काढलं, प्रकाशक खार्कीवचे ‘विवात’. पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे केजीबीच्याच फाइलमधली कागदपत्रं: जबाब, आरोपपत्र, निकालपत्र. केजीबीनं इतक्या निगुतीनं फाइल ठेवली नसती तर हे पुस्तक झालंच नसतं. मेदवेदचूक यांनी दावा लावला तो त्यांच्या भूमिकेबद्दलच्या ठरावीक वाक्यांवर, उदाहरणार्थ वकिलानं अशिलाचे तथाकथित गुन्हे मान्य केले अशा अर्थाच्या. दार्नित्सा न्यायालयानं दावा अंशतः मान्य केला आणि विक्रीला मनाई केली.

निकालावर अपील होणार असल्यानं तो लगेच लागू झाला नव्हता. वाचकांनी नेमकी ती फट पकडली. प्रकाशकाकडचा साठा बघता बघता संपला, नवी आवृत्ती छापावी लागली. ज्यांनी स्तुसची एक ओळही वाचली नव्हती असे लोक पुस्तक हातात धरून फोटो टाकू लागले. मार्च २०२१ मध्ये कीवच्या अपील न्यायालयानं बंदी उठवली. दावा लावला नसता तर हे पुस्तक अभ्यासकांच्या कपाटात राहिलं असतं. दाव्यानं ते घरोघर नेलं.

कायद्याच्या अंगानं खालच्या न्यायालयाचा निकाल मला का खटकतो ते सांगतो. वकिलावर टीका करणारी वाक्यं मत म्हणून वाचायची की घटनेचं विधान म्हणून, यावर वाद होऊ शकतो, आणि जिवंत माणसाला अब्रूचा हक्क आहेच. पण काही वाक्यांसाठी अख्ख्या दस्तऐवजाला मनाई करणं म्हणजे मूळ फाइलच पुन्हा कुलपात घालणं. किपियानी यांची वाक्यं काढून टाका, तरी बचावाचं भाषण उरतंच. ते त्यांनी लिहिलेलं नाही.

मे २०२१ मध्ये मेदवेदचूक देशद्रोहाच्या आरोपावरून नजरकैदेत गेले. रशियाच्या आक्रमणानंतर तिथून पळाले, एप्रिल २०२२ मध्ये सापडले आणि सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत रशियाला दिले गेले. त्यांच्या बदल्यात २०० युक्रेनियन कैदी परत आले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं.

स्तुस ज्या दोनेत्स्कमध्ये शिकले तिथल्या भाषा विद्याशाखेच्या इमारतीवर त्यांची उठावाची प्रतिमा होती. रशियाधार्जिण्या सत्तेनं ती २०१५ मध्ये काढून टाकली. विद्यापीठ तोवर विनित्सियाला हलवलेलं होतं. मेडिकलच्या शिक्षणासाठी युक्रेनला मुलं पाठवणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे गाव माहीत असेल. तिथे हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या जुन्या कारखान्यात वर्ग सुरू झाले. २०१६ पासून त्याचं अधिकृत नाव ‘वासिल स्तुस दोनेत्स्क राष्ट्रीय विद्यापीठ’ असं आहे, आणि ते अजून विनित्सियातच चालतं.